सशाचा दिवा खेळणं आहे की दिवा? कस्टम्सचा कोड तुमच्या बिलात कसा येतो

शाहूपुरीतल्या कुठल्याही गिफ्ट शॉपमध्ये हल्ली सिलिकॉनचा एक ससा दिसतो. डोक्यावर टिचकी मारली की पेटतो, परत मारली की रंग बदलतो, यूएसबी केबलवर चार्ज होतो. शेजारच्या कप्प्यात गरम चहा ओतल्यावर फोटो दिसणारा मग, पाणी ओतलं की पेटणारी पणती, रबरी पाल, कोल्हापुरी चप्पल लटकवलेली की-चेन. यातला बराचसा माल बाहेरच्या देशातून येतो आणि रील्स बघून पोरं तो घ्यायला येतात.

आता एक प्रश्न. तो ससा दिवा आहे की खेळणं?

प्रश्न पोरकट वाटेल, पण न्हावा शेवा बंदरात कंटेनर उतरला की याचं उत्तर कागदावर द्यावं लागतं आणि त्या उत्तरावर पैसे ठरतात. खेळणं म्हटलं, तर मूळ सीमाशुल्क ७० टक्के. म्हणजे भाडं-विमा धरून १०० रुपयांना पडलेल्या सशावर ७० रुपये शुल्क, मग त्या १७० वर इलेक्ट्रॉनिक खेळण्याचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३० रुपये ६० पैसे. शंभराचा ससा बंदराच्या गेटबाहेर पडतानाच दोनशेच्या वर जातो. दिवा म्हटलं, तर मूळ शुल्काचा दर खेळण्याच्या निम्म्याहूनही कमी. वस्तू तीच, कारखाना तोच, फक्त कोड वेगळा.

हा कोड कोण ठरवतं, कसा ठरवतं आणि तुमचा-आमचा त्यात काय संबंध, ते बघू.

फोल्डरमध्ये फोल्डर

जगातल्या प्रत्येक व्यापारी वस्तूला एक आकडी पत्ता आहे. त्या पद्धतीचं नाव हार्मोनाइज्ड सिस्टीम, थोडक्यात एचएस. ब्रसेल्समधली जागतिक सीमाशुल्क संघटना ती सांभाळते. १ जानेवारी १९८८ पासून ती लागू आहे आणि आज २०० हून जास्त देश आणि प्रदेश ती वापरतात.

फोनमधल्या फोल्डरसारखा विचार करा. पहिले दोन आकडे म्हणजे प्रकरण, पुढचे दोन धरून शीर्षक, त्यापुढचे दोन धरून उपशीर्षक. हे सहा आकडे सगळीकडे सारखे. त्यापुढे प्रत्येक देश आपापले आकडे जोडतो. भारत दोन जोडतो, म्हणून आपला कोड आठ आकडी. कुठल्या कोडला किती शुल्क, हे सीमाशुल्क दर कायदा, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत असतं. आणि जीएसटीच्या बिलावर जो एचएसएन कोड दिसतो तो याच कुटुंबातला. त्याचा अर्थ लावायचे नियमही कस्टम्सचेच. म्हणजे माल कधीही समुद्रापार गेला नाही, तरी ही भाषा तुमच्या बिलावर आहेच.

कोल्हापूरचे दोन पत्ते बघा. शाहूपुरी ही राजर्षी शाहू महाराजांनी वसवलेली व्यापारपेठ, गुळाच्या उलाढालीसाठी नावाजलेली. एचएसमध्ये गूळ १७०१ या शीर्षकाखाली येतो, उसाच्या साखरेच्या शेजारी. दुसरा पत्ता जास्त मजेशीर. उपशीर्षक ६४०३.२० चं वर्णन असं आहे: तळ चामड्याचा, आणि वरचा भाग म्हणजे पावलावरून आणि अंगठ्याभोवती जाणारे चामड्याचे पट्टे. कोल्हापुरी हा शब्द त्यात नाही, पण वाचल्यावर डोळ्यांसमोर दुसरं काही येत नाही.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला दाखवल्या तेव्हा नाव, श्रेय, जीआय यावर मोठा गदारोळ झाला. कस्टम्सला यातलं काहीच विचारायचं नसतं. तळ कशाचा? पट्टा कुठून जातो? तळ रबरी केला तर उपशीर्षक बदलतं. सगळीच चप्पल प्लॅस्टिकची केली तर थेट ६४०२ मध्ये जाते.

ही यादी साधारण दर पाच-सहा वर्षांनी अपडेट होते, अगदी ऑपरेटिंग सिस्टीमसारखी. स्मार्टफोनला स्वतःचं उपशीर्षक, ८५१७.१३, मिळालं ते २०२२ च्या आवृत्तीत. त्याआधी बटणांचा फोन आणि तुमचा फोन कस्टम्सच्या लेखी एकाच फोल्डरमध्ये होते. ड्रोनलाही वेगळं शीर्षक, ८८०६, तेव्हाच मिळालं. पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होणार आहे.

इफ-एल्सची शिडी

कोड शोधायचे सहा नियम आहेत आणि ते क्रमानेच लावायचे. आम्ही प्रोग्रॅममध्ये इफ-एल्स लिहितो तसंच: पहिल्या पायरीवर उत्तर मिळालं तर दुसरी बघायची नाही.

पहिला नियम: शीर्षकाचे शब्द आणि प्रकरणाच्या सुरुवातीच्या टिपा वाचा. बहुतेक वाद इथेच मिटतात, कारण टिपा भलत्याच नेमक्या असतात. दिवाळीचं उदाहरण घ्या. एलईडीची माळ सणाला लावतात म्हणून ती सणाच्या वस्तूंत जाईल असं वाटतं. पण प्रकरण ९५ ची टीप सांगते की लाइटच्या माळा इथे नाहीत, त्या ९४०५ मध्ये, दिव्यांबरोबर. उलट प्रकरण ९४ ची टीप सांगते की चिनी कंदिलासारखी सजावट इथे नाही, ती ९५०५ मध्ये. हा तर्क लावला तर एकाच खोक्यात आलेला कागदी आकाशकंदील आणि त्याच्यावर सोडायची माळ यांचे पत्ते वेगवेगळे होतात.

दुसरा नियम: अपुरी किंवा सुटी करून आणलेली वस्तू, तिच्यात पुऱ्या वस्तूचा मूळ स्वभाव असेल, तर पुरीच धरायची. याच तर्काच्या जवळचा एक मोठा वाद महाराष्ट्रात चालला. स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाने जवळपास अख्ख्या गाड्या सुट्या स्वरूपात आणून त्या वेगवेगळे पार्ट म्हणून दाखवल्या, असा कस्टम्सचा आरोप. पार्टवर ५ ते १५ टक्के शुल्क, सुट्या करून आणलेल्या गाडीवर ३० ते ३५. सप्टेंबर २०२४ मध्ये १४० कोटी डॉलरची नोटीस निघाली. कंपनीने आरोप नाकारला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात नेलं.

तिसरा नियम: एकाच वस्तूला दोन शीर्षकं लागू होत असतील, तर आधी जास्त नेमकं वर्णन निवडा. त्याने भागत नसेल, तर वस्तूचा मूळ स्वभाव कशामुळे आहे ते बघा. तेही ठरत नसेल, तर आकड्यांच्या क्रमात शेवटी येणारं शीर्षक घ्या. हो, शब्दशः तसंच. सगळे तर्क संपले की मोठा नंबर जिंकतो.

चप्पल लटकवलेली की-चेन इथे अडकते. ती पायात घालता येत नाही, त्यामुळे पादत्राण नाही. मग ती धातूची कडी आहे की चामड्याची शोभेची वस्तू? माणूस ती कशासाठी विकत घेतो, किल्ल्या अडकवायला की चप्पल दिसते म्हणून? यावर दोन शहाणी माणसं प्रामाणिकपणे वेगळी उत्तरं देऊ शकतात.

उरलेले तीन नियम छोटे. कुठेच बसत नसेल तर सगळ्यात जवळच्या वस्तूसारखं धरा. गिटारसोबत आलेली तिची केस गिटारमध्येच मोजा. आणि उपशीर्षक निवडतानाही हीच शिडी वापरा.

गंमतीच्या वस्तूंचं घर

एचएसमध्ये गमतीजमतीला खरंच एक जागा आहे. ९५०५ चं शीर्षक सण-उत्सव आणि करमणुकीच्या वस्तूंचं, त्यात जादूचे प्रयोग आणि चेष्टेच्या वस्तू धरलेल्या. अधिकृत स्पष्टीकरणात उदाहरणंही आहेत: शिंका आणणारी पूड, कोटाला लावायचं पाणी उडवणारं फूल. आपली रबरी पाल याच घरातली म्हणायला हरकत नाही.

पण कामाची वस्तू गमतीच्या वेषात आली, तर तिला या घरात प्रवेश नाही. कपबशी, भांडी, चादरी, टॉवेल, कपडे अशा वापराच्या वस्तू कितीही सजवल्या, तरी त्या ज्या मटेरियलच्या आहेत त्यानुसार जातात, असं प्रकरण ९५ ची टीप सांगते. म्हणून तुमचा मॅजिक मग जादू करत असला, तरी कस्टम्ससाठी तो चिनी मातीचं भांडं: ६९११ किंवा ६९१२. वाढदिवसाची मेणबत्ती केकवर कितीही नखरे करो, ती ३४०६, मेणबत्तीच.

अमेरिकेत असे वाद कोर्टात गाजलेत. २००३ मध्ये टॉय बिझ कंपनीने भांडून सिद्ध केलं की एक्स-मेनचे पुतळे बाहुल्या नाहीत, कारण बाहुली म्हणजे फक्त माणसाची प्रतिकृती आणि हे माणूस नाहीत. बाहुलीवर १२ टक्के, खेळण्यावर ६.८. कॉमिक्सच्या चाहत्यांना वाईट वाटलं, कंपनीला नाही. पुढे २००७ च्या आवृत्तीत बाहुल्या आणि खेळणी एकाच शीर्षकात, ९५०३ मध्ये आली आणि वादाचं मूळच गेलं. २०१७ मध्ये बाह्या असलेलं ब्लँकेट, स्नगी, कोर्टात आलं. कपडा म्हटलं तर १४.९ टक्के, ब्लँकेट म्हटलं तर ८.५. कोर्ट म्हणालं ब्लँकेट. जाहिरातीत आणि पॅकिंगवर ते ब्लँकेट म्हणूनच विकलं जात होतं, हाही मुद्दा धरला गेला.

गॅजेटचंही तेच. स्मार्टवॉच आली तेव्हा काही देश तिला घड्याळ धरत होते, त्यात भारतही होता. २०१४ मध्ये जागतिक संघटनेच्या समितीने सॅमसंगच्या गॅलक्सी गिअरबद्दल निकाल दिला: हे वायरलेस संपर्काचं यंत्र, घड्याळ नाही. भारताने २०१८ च्या बजेटमध्ये स्मार्टवॉचवरचं शुल्क १० वरून २० टक्के केलं. म्हणजे वस्तूला काय म्हणायचं हे ब्रसेल्समध्ये ठरतं, पण त्याची किंमत दिल्लीत ठरते.

आता आपला ससा. मुख्य काम उजेड द्यायचं, ब्राइटनेस कमी-जास्त होतो, बॉक्सवर नाइट लॅम्प लिहिलंय, तर वजन दिव्याकडे. तोच ससा मऊ कापडाचा, पोटात छोटा बल्ब, बॉक्सवर तीन वर्षांवरील मुलांसाठी, तर वजन खेळण्याकडे. कोड वस्तूच्या आकारावरून कमी आणि ती कशासाठी बनली यावरून जास्त ठरतो.

खेळण्यांवर एवढी नजर का

खेळण्यांवरचं शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून थेट ६० टक्के झालं, २०२३ च्या बजेटमध्ये ७०. जोडीला १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा आयएसआय मार्क सक्तीचा झाला. सरकारी आकडेवारी सांगते की २०१४-१५ च्या तुलनेत २०२२-२३ मध्ये खेळण्यांची आयात ५२ टक्क्यांनी घटली आणि निर्यात २३९ टक्क्यांनी वाढली. देशी कारखान्यांना याचा फायदा झाला, हे नाकारायचं कारण नाही. लहान मूल जे तोंडात घालतं त्याची तपासणी व्हावी, यालाही कोणाचा विरोध नसावा.

पण दोन शेजारच्या फोल्डरमध्ये एवढी मोठी दरी केली, की प्रत्येक खेळण्याला दुसऱ्या फोल्डरमध्ये जायची इच्छा होते. खेळणं शोपीस होतं, नाइट लॅम्प होतं, पार्टी प्रॉप होतं. लायटरच्या बाबतीत सरकारने कोडच्या जोडीला किमतीची रेघ मारली: जून २०२३ पासून २० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या सिगरेट लायटरची आयात बंद. मागणी तामिळनाडूतल्या काडेपेटी उद्योगाची होती. २०२४ मध्ये लायटरच्या सुट्या भागांवरही बंधन आलं, कारण वस्तू बंद केली की भाग येऊ लागतात. रेघ कुठेही मारा, तिच्या अलीकडे गर्दी होतेच.

यात सगळ्यात कमकुवत जागी कोण उभं असतं? कोड लिहितो आयातदार. २०११ पासून भारतात स्वतःच मूल्यांकन करायची पद्धत आहे आणि तपासणारा अधिकारी २०२० पासून बऱ्याचदा दुसऱ्याच शहरात, स्क्रीनसमोर असतो. कोड चुकीचा निघाला तर साधारण दोन वर्षं मागे जाऊन शुल्क मागता येतं, मुद्दाम लपवलं असेल तर पाच. हा हिशोब आयातदाराच्या नावावर. पण बीआयएस मार्क नसलेलं खेळणं विकणं हा दुकानदाराचाही गुन्हा आहे. जानेवारी २०२३ मध्ये देशभरच्या छाप्यांत मार्क नसलेली १८ हजारांहून जास्त खेळणी जप्त झाली, हॅमलेज आणि आर्चीजसारख्या नावाजलेल्या दुकानांतूनसुद्धा. त्यांच्याकडे वकील असतात. मुंबईच्या होलसेलरकडून दोन खोकी आणून इन्स्टा पेजवर विकणाऱ्या पोराकडे नसतात.

आणखी एक बारीक गोष्ट. बीआयएसच्या आदेशातली खेळण्याची व्याख्या कस्टम्सची नाही, वेगळी आहे: १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळावं यासाठी बनलेली वस्तू, मग ती फक्त त्याचसाठी नसली तरी. म्हणजे सशाचा कोड दिव्याचा लागला, तरी त्यावर मार्क लागतो का हा प्रश्न शिल्लक राहू शकतो. एलईडी दिव्यांच्याही काही प्रकारांना बीआयएस नोंदणी लागते.

तुमचं एकट्याचं पार्सल

स्वतःच्या वापरासाठी टपालाने किंवा कुरिअरने एखादी वस्तू मागवली, तर ही सगळी शिडी चढावी लागत नाही. ९८०४ नावाचा एक मोठा डबा आहे. काही अपवाद सोडले तर खासगी वापराच्या वस्तू त्यात जातात आणि सगळ्यांना एकच दर. सोपं आहे, स्वस्त असेलच असं नाही.

पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतची भेटवस्तू शुल्काशिवाय यायची. काही परदेशी शॉपिंग अॅप्सचा माल गिफ्ट लिहून येतो अशा तक्रारी वाढल्या आणि १२ डिसेंबर २०१९ ला हा रस्ता बंद झाला. अपवाद दोनच: जीव वाचवणारी औषधं आणि राखी. आदेशात हेही स्पष्ट लिहिलंय की राखी चालेल, राखीबरोबरची भेट नाही.

आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या पार्सलनेही हे अनुभवलं. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढली. त्याआधी चार दिवस भारतीय टपालाने तिकडची बहुतेक पार्सलं थांबवली आणि १५ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, पुन्हा सुरू केली. तेव्हा टपाल पार्सलवर जाहीर किमतीच्या सरसकट ५० टक्के शुल्क होतं, आत चकली असो वा चप्पल. युरोपियन युनियनने डिसेंबर २०२५ मध्ये वेगळा मार्ग धरला: १ जुलै २०२६ पासून १५० युरोच्या आतल्या पार्सलमध्ये वस्तूमागे ३ युरो, आणि मोजणी टॅरिफ कोडनुसार. एका पाकिटात वेगवेगळे कोड जितके, तितक्या वेळा ३ युरो. पार्सल भरताना कोड मोजायची वेळ सामान्य माणसावरही आली म्हणायची.

विकत असाल तर हे बघा

होलसेलरकडून माल घेताना जीएसटी बिल मागा आणि त्यावरचा एचएसएन कोड वाचा. पहिले चार आकडे ९५०३ असतील तर वस्तूवर आयएसआय मार्क हवाच. मुलांची वस्तू दिसते पण कोड भलताच आहे, तर का ते विचारा. बाहेरच्या सप्लायरने दिलेला कोड जसाच्या तसा उचलू नका. पहिले सहा आकडे जुळतील, पुढचे भारताचे वेगळे असतात. आणि रीलचं कॅप्शनही सांभाळून लिहा. बिलावर नाइट लॅम्प आणि पोस्टमध्ये मुलांसाठी बेस्ट खेळणं, हे एकमेकांशी जुळत नाही. वस्तू कशी विकली जाते हाही पुरावा असतो, हे स्नगीच्या खटल्यात दिसलंच.

स्वतः आयात करायची असेल तर आयईसी लागतो, तो पॅनवरच मिळतो. कोडबद्दल शंका असेल तर माल मागवण्याआधीच विचारायची सोय आहे. २०२१ पासून मुंबई आणि दिल्लीत आगाऊ निर्णय देणारं कस्टम्सचं प्राधिकरण आहे. त्यांचा निर्णय, कायदा किंवा परिस्थिती बदलली नाही तर, काही वर्षं टिकतो.

हे निर्णय ऑनलाइन वाचायलाही मिळतात, पण इंग्रजीत आणि कायद्याच्या भाषेत. अमेरिकेचे जुने कस्टम्स निर्णय वस्तूचं नाव टाकून कोणालाही फुकट शोधता येतात, युरोपच्या डेटाबेसमध्ये तर वस्तूंचे फोटोही असतात. आपल्याकडे प्रत्येक निर्णयासोबत एक फोटो आणि मराठीत चार ओळी टाकणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. माझ्यासारख्या दोन-तीन जणांचं काही महिन्यांचं काम. बंदरावर वकील घेऊन उभा राहणाऱ्याला त्याची गरज कमी. शाहूपुरीत दहा बाय दहाचं दुकान चालवणाऱ्याला मात्र आज बिलावरचा तो आठ आकडी नंबर बरोबर आहे की नाही, हे माल कपाटात लावण्याआधी तपासायचा सोपा मार्ग नाही. २०२८ मध्ये यादी पुन्हा बदलेल, तेव्हा हे काम आधी झालेलं असावं.